मुक्या नळ्या

तिला सगळे शीशी म्हणायचे. तिला स्वतःचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण दिवसातून शंभरदा "शी!" म्हणणाऱ्या बाईला लोक आणखी काय म्हणणार? त्यात बाई उंच, सडसडीत, मान लांब आणि कामावर असताना डोक्याला घट्ट पांढरी टोपी, अगदी बूच बसवल्यासारखी. कुणीतरी एकदा गमतीनं म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. तिलाही त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. शीशी निदान धुतलेली तरी असते, असं ती म्हणायची.

किळस हा त्या बाईचा स्वभावच होता. मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता, बसमध्ये कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं कोमट आसन, चहा पिताना होणारा फुर्र आवाज, लहान पोरांची वाहती नाकं, म्हाताऱ्यांच्या ग्लासात ठेवलेल्या कवळ्या, एक ना दोन! लग्नाला गेली तरी ही बाई आधी ताट रुमालानं पुसायची आणि मग यजमानांकडे बघून हसायची. नातेवाईक म्हणायचे, नाकानं कांदे सोलते. सोलते तर सोलते, तिला त्याचं काहीही वाटायचं नाही.

बरं, नशीब बघा, नवरा मिळाला तो टायरांची पंक्चरं काढणारा. त्याच्या नखांत वंगण कायमचं मुक्कामाला आलेलं. तो संध्याकाळी घरी आला की ती त्याला दारातच अडवायची आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकू द्यायची नाही. "अगं, मला एकदाचं उकळून तरी घे," असं तो म्हणायचा. माणूस हसतमुख होता म्हणून संसार टिकला, नाहीतर काही खरं नव्हतं.

या बाईला आख्ख्या जगात एकच जागा आवडायची, ती म्हणजे कारखान्यातली लेपाची खोली. तिला दोन दारं होती. पहिल्या दारात चपला, घड्याळ, कानातलं, सगळं काढून ठेवायचं. दुसऱ्या दारापाशी पांढरा अंगरखा, टोपी, मोजे, तोंडाला फडकं. उंबऱ्याशी एक चिकट चटई, तळव्याची उरलीसुरली धूळ ती ओढून घ्यायची. आत कशालाच वास नव्हता. तुम्हाआम्हाला तिथं गुदमरल्यासारखं झालं असतं. शीशीला मात्र आत गेली की पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतल्यासारखं वाटायचं.

काम काय, तर नळ्यांना लेप द्यायचा. या नळ्या पांढऱ्या, भाजलेल्या मातीच्या, साधारण हातभर लांब. दिसायला खडूसारख्या, पण अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. त्यांच्यावर दुधासारख्या पातळ द्रावाचा लेप चढवायचा, वाळवायचा, भट्टीत भाजायचा. मग त्या लेपाची अशी काही चाळणी होते की पीठ चाळताना कोंडा वर राहावा तसा एक वायू बाहेर अडकतो आणि दुसरा नळीच्या आत जातो. या नळ्या जायच्या एका गॅस प्लांटमध्ये. तिथं गरम वायूचं मिश्रण नळ्यांवरून सोडायचे. कामाचा वायू आत जायचा आणि विषारी वायू बाहेर राहायचा. त्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो आणि बसतो तो उठत नाही. म्हणून लेपाला टाचणीच्या टोकाएवढंही भोक चालत नाही.

लेपाचं सगळं मर्म नळी द्रावातून वर काढण्यात होतं. भरभर काढली तर थर जाड होऊन तडकतो, थांबत थांबत काढली तर जिथं थांबलं तिथं कडं पडतं, आणि कड्यापाशी भोकं पडतात. इतर कारखान्यांत याला मोटर लावतात. इथली मोटर थरथरायची, म्हणून कधीकाळी ती काढून टाकली आणि हातानं फिरवायची चरखी बसवली. चरखीवर शीशी. ती डोळे मिटून नाकातल्या नाकात एकच सूर धरायची, आणि सूर जसा न तुटता लांबत जायचा तशी नळी वर यायची. नवीन माणूस आला की साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, त्याला काचेतून दाखवायचे, "बघा, मोटर थरथरते, आमची बाई थरथरत नाही." हे ऐकून शीशी फडक्याआड खूश व्हायची. तिला तेवढं एकच कौतुक पचायचं.

भट्टीतून निघालेल्या नळ्या शेवटी टाकीवर जायच्या. एका काचेच्या टाकीत स्पिरिट भरलेलं, त्यात नळी बुडवायची, एक टोक बंद करायचं आणि दुसऱ्या टोकातून हवा फुंकायची. कुठं भोक असेल तर तिथून बुडबुडा येतो. बुडबुडा आला की कारखान्यात म्हणायचे, "नळी बोलली." बोलकी नळी भंगारात, मुकी नळी खोक्यात. या टाकीवर जो माणूस बसायचा तो टाकीवाला. चष्मा लावणारा, हळू बोलणारा विधुर, शीशीहून थोडा मोठा. त्याची नखं कापलेली, कॉलर पांढरीशुभ्र, जेवताना तोंड मिटलेलं. सगळ्या कारखान्यात शीशी फक्त त्याच्याबरोबर डबा खायची. तो सफरचंदाच्या फोडी करून निम्म्या तिच्या झाकणात ठेवायचा आणि ती त्या खायची. दुसऱ्याच्या हातची फोड खाणारी शीशी बघायला सुरुवातीला लोक मुद्दाम जेवणाच्या खोलीत येऊन गेले म्हणे.

"टाकीवाले, आज काय म्हणतात आमच्या नळ्या?" ती रोज विचारायची.

"मुक्या आहेत बाई, सगळ्या मुक्या," तो म्हणायचा.

असं सगळं गोडीगुलाबीत चाललेलं असताना एके दिवशी गॅस प्लांटवरून नळ्यांचं एक खोकं परत आलं. साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. प्लांटवर विषारी वायू झिरपला होता. यंत्र बघायला गेलेला एक माणूस तिथंच कोसळला. जीव वाचला, पण दवाखान्यात होता. नळ्या थंड असताना ठीक होत्या, तापल्या की त्यांना भोकं पडली. आणि प्रत्येक भोकापाशी एक तपकिरी डाग होता.

"ही कुणाची तरी घाण आहे," साहेब म्हणाले. "कुणाची ते मला शोधून काढायचंय."

घाण! हा शब्द ऐकला आणि शीशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या लेपावर घाण! तिनं साहेबांना सांगितलं, तुम्ही कशाला शोधता, मी शोधते. आणि मग ती बाई अशी काही सुटली की विचारू नका. कारखान्यातली एकेक ओंगळ सवय तिनं चव्हाट्यावर आणली. भट्टीवाला तळहातावर शिंकून तोच हात अंगरख्याला पुसायचा, त्याला तिनं चारचौघांत धारेवर धरलं. तो बापडा म्हणाला, "बाई, माझी भट्टी सगळं जाळते. माझी शिंक काय, मी स्वतः आत पडलो तरी डाग राहायचा नाही." ते मात्र खरं होतं. मग खोकी बांधणाऱ्या दोघी, मग गाडीवाला. कुणाची नखं तपास, कुणाच्या डब्याचा वास घे. लोकांना तिचा वीट आला. जेवणाच्या खोलीत तिची कैफियत ऐकायला एकटा टाकीवाला उरला. तो मान खाली घालून फोडी करायचा आणि म्हणायचा, "जाऊ द्या ना बाई, कशाला जिवाला लावून घेता?"

"जाऊ कसं द्या? तुम्हाला किळस कशी येत नाही हो?"

त्यानं पुढची फोड कापली.

तिनं परत आलेली एक नळी भिंगाखाली धरली. डाग असा पसरट, कडेला बारीक रेघारेघांचा. तिनं नळी फिरवून फिरवून बघितली. तो अंगठा होता. कुणाचा तरी ओला अंगठा तिच्या लेपावर दाबला गेला होता. नळी भट्टीतून निघाल्यावर. आणि भट्टीनंतर उघडी नळी हातात धरून बसणारा माणूस तर एकच!

नाही, नाही, असं मनाशी म्हणतच ती टाकीच्या खोलीकडे गेली. मागच्या दारानं गेली, कारण पुढच्या दाराला करकर आवाज होता. टाकीवाला तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. टाकीत नळी बुडवलेली होती. एका जागेवरून बुडबुडे वर येत होते, एकामागून एक. त्यानं नळी बाहेर काढली, फडक्यानं पुसली. मग अंगठा तोंडात घातला, चांगला ओला केला, शेजारच्या बशीतल्या पांढऱ्या भुकटीत बुडवला आणि त्या भोकावर दाबून चोळला. फुंकर घातली. पुन्हा नळी टाकीत. बुडबुडा नाही. नळी मुकी झाली आणि खोक्यात गेली. त्यानं दुसरी उचलली. अंगठा पुन्हा तोंडात.

"शी!" शीशी इतक्या जोरात ओरडली की भट्टीवरची माणसं धावत आली. "शी, शी, शी! थुंकी! अहो, हा माणूस थुंकी लावतोय माझ्या नळ्यांना!"

टाकीवाला उठून उभा राहिला. त्याच्या ओठावर पांढरी भुकटी लागली होती आणि ती पुसायचंही त्याला सुचलं नाही. तो तिच्याकडे बघत होता. तिला ते बघणंसुद्धा ओलसर वाटलं. ती बाहेर पळाली आणि गटारापाशी वाकून पोटातलं सगळं ओकली. कारण तेवढ्यात तिला आठवलं होतं. सफरचंद. किती वर्षं खाल्ल्या तिनं त्या फोडी, त्याच अंगठ्यानं धरलेल्या!

साहेबांनी विचारलं, "का केलंत हे?" टाकीवाला म्हणाला, "नळ्या नापास झाल्या की तुम्ही ओरडता, म्हणून केलं. चूक झाली." बस, एवढंच. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. तो गेला तसे सगळे तोंडसुख घ्यायला मोकळे झाले. "साहेबांची थुंकी झेलता झेलता स्वतःचीच वापरायला लागला," असं भट्टीवाला म्हणाला आणि सगळे फिदीफिदी हसले. शीशीला हसू आलं नाही. तिनं आपला जेवणाचा डबा घरी नेला, उकळत्या पाण्यात टाकला, पुन्हा उकळला आणि शेवटी कचऱ्यात फेकून दिला.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही, जेवताना, भांडी घासताना, तेच. कसा अंगठा तोंडात घातला, कसा चोळला, ओठावर भुकटी कशी होती. नवरा ऐकून घ्यायचा. एकदा जेवता जेवता त्यानं घास खाली ठेवला.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"तो पंक्चर काढत होता, हे कळलं. थुंकीनं काढत होता, हेही कळलं. पण मला एक सांग, पंक्चर केलं कुणी?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यानं भोकं बुजवली. पण मुळात नळीला भोकं होतीच ना? ती कुठून आली?"

शीशीनं ताट ढकललं. "तोंड सांभाळून बोला," एवढंच ती म्हणाली आणि उठून गेली. नंतर ती हात धुवायला गेली ती बराच वेळ धूतच राहिली.

टाकीवर नवा माणूस मिळेपर्यंत साहेबांनी शीशीलाच सांगितलं, तुमच्या नळ्या तुम्हीच तपासा, तुमच्याइतकं स्वच्छ दुसरं कोण आहे? तिनं टाकी घासली, जुनं स्पिरिट ओतून नवं भरलं, ती बशी चिमट्यानं उचलून फेकली. मग स्वतःची पहिली नळी बुडवली आणि हवा फुंकली. नळी बोलली. असं होतं एखाद्या वेळी, असं म्हणून तिनं दुसरी घेतली. तीही बोलली. तिसरी नुसती बोलली नाही, तिच्या अंगाभोवती बुडबुड्यांचं कडं आलं. थोड्याच वेळात भंगाराची पेटी भरत आली आणि खोक्याच्या तळाशी चारदोन नळ्या पडून राहिल्या.

ती लेपाच्या खोलीत गेली, चटईवर पाय पुसले, टोपी चढवली, चरखीपाशी बसली, सूर धरला. फक्त या वेळी डोळे मिटले नाहीत. सूर सरळ चालला होता, त्याला कुठंही तडा नव्हता. हात मात्र सुराचं ऐकत नव्हता. फिरता फिरता तो पापणी लवावी इतका वेळ अडायचा, मग उडी मारून पुढे जायचा. दुधावर एक बारीक लाट उठायची आणि नळीवर एक कडं पडायचं. अडायचा, उडी मारायचा. घरी कपातून चहा सांडतो तो कपाचा कान चुकीचा बसवलाय म्हणून, अशी तिनं समजूत करून घेतली होती. कपाचा कान! कपाचा कान म्हणे! तिला स्वतःच्या त्या हाताची इतकी शिसारी आली की तो दुसऱ्या कुणाचा असता तर तिनं झटकून टाकला असता.

त्या संध्याकाळी ती टाकीवाल्याच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावर एक खोली. फरशी आरशासारखी, गॅसच्या शेगडीवर डाग नाही, खिडकीत धुतलेल्या कॉलरी वाळत घातलेल्या. घर गलिच्छ असतं तर तिला बरं वाटलं असतं. तसं ते नव्हतं, म्हणून ती आणखी चिडली.

"बसा बाई," तो म्हणाला.

"बसायला नाही आले. कधीपासून?"

त्यानं कधीपासून काय, असं विचारलं नाही. "बरेच महिने झाले. आधी एखादी बोलायची. मग वाढत गेलं."

"मला सांगायचं होतंत."

"सांगून तुम्ही काय केलं असतंत?"

"ते मी बघितलं असतं!"

"साहेबांनी त्याच दिवशी तुम्हाला त्या खोलीतून बाहेर काढलं असतं. तुम्हाला दुसरं कुठं करमत नाही. बसमध्ये करमत नाही, घरात करमत नाही. मी बघतो ना रोज. दोन घटका त्या खोलीत असता तेव्हाच तुमच्या कपाळावरच्या आठ्या जातात."

"म्हणून थुंकी? अहो, दुसरं काही सापडलं नाही तुम्हाला?"

"गोंद लावून बघितला. त्याला वास येतो. तुम्ही हुंगला असतात," तो म्हणाला आणि ओशाळवाणं हसला.

त्या हसण्यानं तिच्या डोक्यात सणक गेली. "हसता? तो माणूस दवाखान्यात पडलाय!"

"माहीत आहे." त्याचं हसू गेलं. "मला वाटलं होतं, तापल्यावर भुकटी पक्की होईल. भट्टीत होते ना, तशी. तेवढी उष्णता तिथं नसते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं टाकीवर बसलो, आणि हे डोक्यात आलं नाही. त्याला काही झालं असतं तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

शीशी दारातच उभी होती. तिला त्याचा संताप येत होता, स्वतःचा येत होता, आणि सगळ्यात जास्त संताप या गोष्टीचा येत होता की कुणीतरी तिची इतके महिने कीव करत होतं, लपूनछपून, अंगठा चाटून.

"तुमची मायासुद्धा ओंगळ आहे," ती म्हणाली.

"असेल," तो म्हणाला. "आता एक करा. झालं ते माझ्या नावावर गेलंय, तिथंच राहू द्या. हात बरा नाही म्हणून हळूच काम बदलून मागा. कुणाला काही कळणार नाही."

ती जिना उतरली. रस्ताभर तिच्या डोक्यात तेच घोळत होतं, कुणाला काही कळणार नाही. सोपं होतं. त्याला काढलेलंच होतं, तो काही तक्रार करणार नव्हता. तिनं मोटर दुरुस्त करून मागितली असती तर कदाचित खोलीही राहिली असती. हा विचार तिला सुचला आणि तिनं तो थोडा वेळ मनात ठेवून बघितला. पण त्या प्लांटवर तिच्या आणखी किती नळ्या असतील, आज, आत्ता, तापत असतील, त्याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. साहेबांनी एक खोकं परत घेतलं होतं. बाकीची चांगली आहेत, असं सगळे धरून चालले होते. शी! तिला स्वतःच्या विचाराचीच किळस आली.

सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा तिथं गॅस प्लांटवरच्या इंजिनिअर बाई बसल्या होत्या. प्रकरण मिटवायला आल्या होत्या. साहेब त्यांना सांगत होते, एका माणसाचा आगाऊपणा होता, त्याला काढलं, आता काळजी नको. शीशीला बघून त्यांना आनंदच झाला. "या, या! बघा, ह्याच आमच्या लेपाच्या बाई. यांनीच चोर पकडला."

"तो माणूस कसा आहे?" शीशीनं त्या बाईंना विचारलं.

"घरी आलाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "पण बोलताना शब्द सापडत नाहीत त्याला. बायकोला 'चमचा' म्हणतो आणि मग रडतो."

साहेब घसा खाकरले. शीशी म्हणाली, "भोकं माझी आहेत."

"बाई, काय बोलताय?"

"त्यानं बुजवली ती चूकच. पण पाडली मी. माझा हात कापतो. बरेच महिने कापतोय. तुमच्याकडे माझ्या जेवढ्या नळ्या आहेत त्या सगळ्या बाहेर काढा. आजच काढा."

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं की कच्ची खातात का काय. "बाईंची तब्येत बरी नाही," ते इंजिनिअर बाईंना म्हणाले, "या प्रकरणाचा जरा ताण आलाय त्यांना."

"मग टाकीवर चला," शीशी म्हणाली. "दाखवते."

तिघं टाकीवर गेली. तिनं आदल्या दिवशीच्या लेपातल्या, भाजून आलेल्या नळ्या एकेक करून बुडवल्या. कुणी काही बोललं नाही, नळ्याच बोलत राहिल्या. दारात भट्टीवाला आणि खोकी बांधणाऱ्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. ज्यांची नखं तिनं तपासली होती ते सगळे बघत होते. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, पण तिनं पेटी संपेपर्यंत हवा फुंकणं थांबवलं नाही. इंजिनिअर बाईंनी फोन काढला आणि प्लांट बंद करायला सांगितलं.

पुढे काय व्हायचं ते झालं. सगळी खोकी परत आली. साहेबांच्या कपाळावरची शीर आठवडाभर खाली बसली नाही. शीशीला त्यांनी विचारलं, घरी बसता की धुण्याच्या शेडमध्ये जाता? ती म्हणाली, शेडमध्ये जाते. ही शेड भट्टीच्या मागं, गटाराला लागून होती. परत आलेल्या नळ्यांवरचा लेप खरबरीत घासणीनं घासून काढायचा, म्हणजे आतली कोरी नळी पुन्हा वापरता येते. कापऱ्या हाताला ते काम जमतं, उलट बरंच जमतं. तिथं पायाखाली चिखल, वर गळकं छप्पर, आणि भट्टीवाला शिंकत शिंकत ये-जा करायचा. लेपाच्या खोलीत एक तरुण मुलगी आली होती, मोटरही नवी आली होती. टाकीवाल्याला परत बोलवा, असं शीशीनं साहेबांना सांगून बघितलं. ते नाही म्हणाले. टाकीवाल्याला विचारलं, तर तोही नाही म्हणाला.

ती रोज घासायची. एकेका नळीवर तपकिरी अंगठा. सुरुवातीच्या खोक्यांत नळीमागे एखादा, कुठं तोही नाही. मग दोन, मग चार. घासणीखाली ते विरघळून मळकट पाणी व्हायचे आणि तिच्या हातमोज्यांवरून ओघळायचे. तिला रोज ओ यायची. रोज ती ओ गिळायची आणि पुढची नळी घ्यायची. ओकायला मला सवड नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली.

अगदी शेवटच्या खोक्यात एक नळी निघाली. ती तिनं घासायला घेतली आणि मध्येच हात थांबला. या नळीवर मोकळी जागाच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याला अंगठा लागलेला, पुन्हा त्यावर अंगठा. अख्खीच्या अख्खी नळी त्यानं चाटून बुजवली होती. आणि तिच्याखालची तशीच. तिच्याखालचीही.

कधीची असेल ही? ती आठवायला लागली आणि तिला एक दुपार आठवली. त्या दुपारी टाकीवाल्यानं सफरचंद आणलं होतं, फोडी केल्या होत्या, पण सगळ्या तिच्याच झाकणात ठेवल्या. तुम्ही का खात नाही, असं तिनं विचारलं. तो तोंडावर हात धरून म्हणाला होता, "जीभ सोललीय बाई, कशानं कोण जाणे. आग होते. तुमच्याकडे काही लावायला आहे का?" आणि तिला दिसावं म्हणून त्यानं तोंड जरासं उघडलं होतं.

"शी!" ती म्हणाली होती. "मिटा ते तोंड. मी जेवतेय."